टिनाखालचा माळा : फेब्रुवारी ते जूनच्या नोंदी

१६ फेब्रुवारी

मधल्या खोलीत बाबा झोपतात. माझे सासरे, वय ८१. या खोलीला स्लॅब नाही. सागवानी फळ्यांचं छत, त्यावर माळा आणि माळ्यावर टिनाचं दुपाखी छप्पर. गेल्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास ते पलंगावरून उठले आणि दाराशी पोचायच्या आत खाली बसले. अंग तापलेलं पण कोरडं, डोळे लाल, बोलणं अडखळत. दवाखान्यात सलाईन लागली, दोन दिवसांनी घरी आले. त्या दुपारी खोलीत कूलर सुरू होता, पंखाही सुरू होता. तरी मी स्टुलावर चढून छताजवळ हात नेला तर तव्यावर हात धरावा तसा शेक लागला. तेव्हाच ठरवलं होतं, पुढचा उन्हाळा लागायच्या आत हे छत हाती घ्यायचं.

बाबा समोरच्या स्लॅबच्या खोलीत जायला तयार नाहीत. याच खोलीत त्यांचा जन्म झाला, याच खोलीत सासूबाई गेल्या. मी त्यांना पुन्हा विचारणार नाही.

नागपुरात हनुमाननगरच्या आमच्या गल्लीत पूर्वी सगळी कवेलूची घरं. आमच्याही घरावर मंगलोरी कवेलू होते. माकडांची टोळी आली की एका उडीत पाच-सात कवेलू फुटायचे. दरवर्षी पावसाळ्याआधी छप्पर शाकारायला माणूस शोधावा लागे, पुढे तो मिळेनासा झाला. १२ वर्षांपूर्वी टिनं टाकली आणि गळणं थांबलं. बाबा मात्र तेव्हापासून म्हणत आलेत, "टिनं आली अन् घराचा श्वास गेला." आज त्यावर विचार करत बसले होते. कवेलूंच्या प्रत्येक सांध्यातून गरम हवा थोडी थोडी वर निघून जायची. टिनं बसवताना मिस्त्रीने उंदीर शिरू नयेत म्हणून वळचणीच्या सगळ्या लाटा सिमेंटने भरल्या आणि आढ्यावर पत्र्याची टोपी घट्ट आवळली. माळ्याला एकही तोंड उरलं नाही.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. पत्रे, स्क्रू, जाळ्या रोज हातातून जातात. हे काम मला समजण्यासारखं आहे.

२२ फेब्रुवारी

वायरवाले तीन डिजिटल थर्मामीटर आणले. एक माळ्यात, एक बाबांच्या पलंगाशी, एक बाहेर उत्तरेच्या भिंतीला. बाहेरच्याला ऊन किंवा तापलेल्या भिंतीची धग लागू नये म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून त्यात टांगला. मोजमाप चुकलं तर पुढचं सगळं काम चुकीच्या पायावर उभं राहील. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले होते आणि देशभर बातमी झाली होती. नंतर तो सेन्सरचा दोष निघाला.

दुपारी अडीचचे आकडे : बाहेर ३३, खोलीत ३१, माळ्यात ४७.

फेब्रुवारीत ४७. मेमध्ये काय होत असेल याचा अंदाज आला.

२३ फेब्रुवारी

सकाळी सातलाच माळ्यावर चढले, तेव्हाच बसवतं. २४ फूट लांब, १४ फूट रुंद. बाजूच्या भिंती फळ्यांच्या वर दोन फूट येतात, आढं आठ फुटांवर. पितळी हंडे, दोन ट्रंका, पाळण्याचे खांब, सासूबाईंची शिलाई मशीन. सगळ्यावर बोटभर धूळ. माळा फक्त बाबांच्या खोलीवर नाही. तो सामानाच्या खोलीवरून थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण हवेला वर भिंती नाहीत. खाली तीन खोल्या वेगळ्या असल्या तरी वर त्या एकच आहेत.

पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीत गेल्या वर्षी एकाच्या सल्ल्याने १२ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला होता. आज तो लावून खाली आले आणि उदबत्ती घेऊन छताजवळ फिरवली. धूर एरवी वळसे घेत वर जातो. इथे तो फळ्यांच्या सांध्याशी आला की वाकायचा आणि सरळ दोऱ्यासारखा फटीत ओढला जायचा. कूलर असतो त्या खिडकीच्या वर, भिंत आणि फळी यांच्या मधली फट तर करंगळी जाईल एवढी आहे. तिथे धूर क्षणात नाहीसा.

आता गेल्या मेचा उलगडा झाला. पंखा माळ्यातली हवा बाहेर टाकत होता. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी आणि माळ्याला बाहेरचं तोंड नाही. मग तो ती घरातून ओढत होता. कूलरची गार हवा खिडकीतून आत आली की पलंगापर्यंत पोचायच्या आत वरच्या फटीतून माळ्यात, आणि तिच्या जागी दाराखालून अंगणातली लू. पाण्याचा, विजेचा खर्च आमचा आणि गारवा छपराबाहेर.

बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ उदबत्तीकडे पाहत होते. म्हणाले, "बेटा, म्हणजे माह्या अंगावरून हवा गेलीच नाही."

१ मार्च

फटी शोधायचा सर्वांत चांगला उपाय मुलीने सुचवला. रात्री खालच्या तिन्ही खोल्यांचे दिवे लावले, माळ्यावर चढायची झडप ओढून घेतली आणि आम्ही दोघी माळ्यावर अंधारात बसलो. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागली. मग सगळा माळा उजेडाच्या रेघांनी भरून गेला. फळ्यांच्या सांध्यांतून लांबच लांब पिवळ्या रेघा, पंख्याच्या हुकाभोवती उजेडाचं कडं, वायरी वर येतात तिथे ठिपके, झडपेच्या चारी बाजूंनी चौकट आणि भिंतीच्या कडेने उजेडाची जाड पट्टी. मुलीने खडूने प्रत्येक जागी खूण केली. ६३ खुणा.

मोठी गळती सांध्यांमध्ये नाही. ते दिसतात जास्त, पण केसाएवढे आहेत. खरी गळती भिंतीच्या कडेला आणि झडपेला. काम तिथून सुरू करायचं.

८ मार्च

आधी वायरमनला बोलावलं. माळ्यातल्या जुन्या वायरींचं रबर हाताला भुगा होऊन लागत होतं. तशा वायरीभोवती काहीही ठासून भरणं म्हणजे आग ओढवून घेणं. सगळी वायरिंग नव्याने पाईपमधून काढली. हा खर्च धरला नव्हता, पण यात काटकसर करायची नाही.

९ मार्च

सुतारभाऊ आले. मी पीयू फोमचे, म्हणजे फटीत फुगून बसणाऱ्या फोमचे, डबे आणून ठेवले होते. त्यांनी एक डबा हातात घेऊन परत ठेवला.

"ताई, हे सागवान आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फोम दोन साल टिकन अन् मंग सुटून येईन."

त्यांचं म्हणणं पटलं. फळ्यांच्या सांध्यांवर त्यांनी वरून, म्हणजे माळ्याच्या बाजूने, दोन इंची लाकडी पट्ट्या मारल्या. खिळे एकाच फळीत. दुसरी फळी पट्टीखाली मोकळी सरकते. लाकूड हललं तरी फट उघडी पडत नाही. भिंतीच्या कडेला काथ्याची दोरी चुन्याच्या गाऱ्यात भिजवून पटाशीने ठासली आणि वरून चुन्याचा गिलावा केला. सिमेंटपेक्षा चुना जुन्या भिंतीला धरून राहतो. फोम फक्त नव्या वायरींच्या पाईपांभोवती वापरला.

झडपेच्या चौकटीला दाराचं रबर लावलं, झडपेच्या पाठीला इंचभर थर्माकोल आणि त्यावर प्लाय. कडी आता अशी बसते की झडप रबरावर दाबली जाते.

१५ मार्च

रात्री पुन्हा दिवे लावून माळ्यात बसलो. मुलीने मोजलं, सात ठिपके. सामानाच्या खोलीवर एक जागा राहिली होती जिथे पूर्वी नळाचा पाईप वर जायचा. मूठ जाईल एवढं भोक, ट्रंकेखाली असल्याने आधी दिसलंच नव्हतं. ट्रंक हलवली तेव्हा त्यातून उजेडाचा खांब उभा राहिला. उद्या ते बंद करायचं.

एक्झॉस्ट पंखा काढून टाकला, भोक प्लायने बंद केलं.

१६ मार्च

आता माळ्याला श्वास द्यायचा.

गरम हवा हलकी, ती वर जाते. वरून बाहेर पडायला जागा आणि खालून आत यायला जागा दिली की पंख्याशिवाय ओढ लागते. दोन तोंडांमधली उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक जितका जास्त तितकी ओढ जास्त. मात्र उंची दुप्पट केली तरी ओढलेली हवा दुप्पट होत नाही, दीडपटीहून थोडी कमीच राहते. म्हणून खालची तोंडं फळ्यांच्या अगदी जवळ आणि वरचं तोंड थेट आढ्याला, म्हणजे मिळेल तेवढी उंची घ्यायची.

अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत माळ्यासाठी एक प्रमाण आहे : क्षेत्रफळाच्या १५० व्या भागाइतकी जागा हवेला मोकळी हवी, शक्यतो अर्धी खाली, अर्धी वर. आमच्या ३३६ चौरस फुटांना ती सव्वादोन चौरस फूट होते. नागपूरच्या उन्हासाठी मी ती दुप्पट धरली. आणि हे मोकळं माप आहे. जाळी लावली की तिची तार जागा खाते, ती वजा करायची.

मिस्त्रीने दोन्ही लांब भिंतींतून आठ-आठ विटा काढल्या. विटेचं तोंड ९ बाय ३ इंच, म्हणजे १६ विटांना तीन चौरस फूट. आतून पाव इंची जाळी चौकटीत बसवली. मच्छरजाळी लावायचा सल्ला सगळ्यांनी दिला. पण ती निम्मी हवा अडवते आणि धुळीने महिन्याभरात बुजते. पाव इंचातून उंदीर, खार, वटवाघूळ येत नाही, तेवढं पुरे.

दक्षिणेच्या भिंतीत चौथी वीट काढायची तिथे बाहेरून चिमणीचं घरटं होतं, आत पिल्लांचा आवाज. मिस्त्रीने हात मागे घेतला आणि मीही नको म्हटलं. शेजारची वीट काढली.

२८ मार्च

वरचं काम व्हायच्या आधीचे आकडे नोंदवून ठेवते. दुपारी तीन : बाहेर ३९, माळ्यात ५५, खोलीत ३५. खालची तोंडं उघडी आहेत, पण वर वाट नसल्याने उपयोग जवळजवळ नाही. हात लावून पाहिलं, विटांच्या भोकांतून हवा हलतही नाही.

३० मार्च

पत्र्याचं काम करणारे दोघे सकाळी सहाला आले. दहानंतर टिनावर पाय ठेवता येत नाही.

टर्बो, म्हणजे वाऱ्याने फिरणारा छपरावरचा पंखा, लावावा का, यावर मी आठवडाभर विचार केला. आमच्या कारखान्याच्या शेडवर ते चांगलं काम करतात, पण तिथे आढं तीस फुटांवर आहे आणि चारी बाजूंनी मोठी दारं आहेत. इथे एक टर्बो म्हणजे एकाच जागी ओढ, आणि २४ फुटांच्या माळ्याची दोन्ही टोकं तशीच तापलेली. आढं लांबीभर उघडणं मला जास्त बरोबर वाटलं. टोपी काढायची, खाली दीड-दीड फुटांवर लाकडी ठोकळे ठेवायचे, टोपी इंचभर उचलून पुन्हा लांब स्क्रूने आवळायची, दोन्ही बाजूंच्या फटीत जाळी.

त्यातले मोठे भाऊ नाराज होते. "ताई, टोपी उचलली तं पाणी येईन." मी म्हटलं, टोपी दोन्ही बाजूंना नऊ इंच खाली उतरते, सरळ पाऊस आत येणार नाही. त्यांनी मान हलवली आणि काम केलं. गंजलेले २२ स्क्रू आणि सगळे जुने वॉशर बदलले. त्यासाठी लोहाओळीत, लोखंडी सामानाच्या बाजारात, दोन फेऱ्या झाल्या, कारण पहिल्यांदा आणलेल्या वॉशरचं रबर कडक होतं.

दुपारी एकला मी विटेच्या भोकाशी तळहात धरला. हवा आत चालली होती. हळू, पण न थांबता.

५ एप्रिल

उदबत्ती पुन्हा. बाबांच्या खोलीत ठीक, पण स्वयंपाकघरात फळ्यांपाशी धूर अजूनही थोडा वर खेचला जातो. विचार करता कारण सापडलं. आढ्याची फट २४ फूट लांब, दोन्ही बाजूंना इंच-इंच, म्हणजे चार चौरस फूट. खाली फक्त तीन. वरून जेवढी हवा जाते तेवढी खालच्या विटांतून आत येत नाही, उरलेली ओढ घरावर येते. गेल्या वर्षीच्या पंख्याची तीच चूक, लहान प्रमाणात. मिस्त्रीला बोलावून आणखी चार विटा काढायला सांगितल्या. पिल्लं उडून गेली होती, पण घरटं तसंच राहू दिलं.

१२ एप्रिल

दुपारी तीन : बाहेर ४१, माळ्यात ४९, खोलीत ३५.

मार्चअखेरीस माळा बाहेरपेक्षा १६ अंशांनी गरम होता, आता आठ. यात समाधान आहे. पण बाबांच्या पलंगावर आडवं होऊन पाहिलं तर वरून शेक अजून लागतोच. वायुवीजनाची हद्द इथे संपते. माळ्यातली हवा बदलून बदलून बाहेरच्या हवेइतकी होईल, त्याहून गार होणार नाही. आणि टिन तापलेलंच आहे. ते हवेतून नाही, थेट किरणांनी फळ्यांना तापवतं. चुलीसमोर बसलं की मधली हवा गार असली तरी तोंड भाजतं, तसं.

कारखान्यातून साहेबांना विचारून इन्फ्रारेड थर्मामीटर दोन दिवसांसाठी आणला. त्याला चकचकीत पत्र्याचा आकडा बरोबर कळत नाही, म्हणून पत्र्यावर काळी टेप चिकटवून तिच्यावर रोखला. टिनाचा वरचा भाग ६८ अंश. जस्ताचा पत्रा थोडंफार ऊन परतवतो, पण एकदा तापला की उष्णता सहज सोडत नाही, म्हणून तो रंगवलेल्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो.

१९ एप्रिल

काल संध्याकाळी अवकाळी पाऊस. आधी धुळीचं वादळ, मग पश्चिमेकडून आडवा मारा, बोराएवढ्या गारा. वीस मिनिटांत बाबांच्या पलंगावर पाणी टपकायला लागलं. मी माळ्यावर गेले तर आढ्याच्या पश्चिम टोकाकडच्या फटीतून तुषार आत येत होते आणि फळ्यांवर डबकं साचलं होतं. पट्ट्या मारल्याने पाणी लगेच खाली न जाता साचून राहिलं, मग एका जागी सगळं आलं. शिलाई मशीन भिजली. ती रात्री पुसून, तेल घालून ठेवली.

मोठे भाऊ सांगत होते ते खरं निघालं. सकाळीच त्यांना फोन करून तसं सांगितलं. ते आले, आणि उपायही त्यांनीच काढला : टोपीच्या दोन्ही कडांखाली, जाळीच्या बाहेर, दीड इंच उंचीची पत्र्याची वाकवलेली पट्टी, टिनाच्या लाटांवर उभी. वारा पाण्याला टिनावरून वर ढकलतो, ते या पट्टीवर आपटून खाली वाहतं. हवा पट्टीच्या वरून वळून बाहेर पडते. आमच्याकडचा वळवाचा पाऊस सरळ पडतच नाही, हे मी आधी धरायला हवं होतं. जो कोणी आढं उघडेल त्याने ही पट्टी पहिल्याच दिवशी लावावी.

संध्याकाळी पाईपने पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहिला. आत थेंब नाही.

२६ आणि २७ एप्रिल

पांढरा रंग. गल्लीत सगळे चुना मारा म्हणतात. स्लॅबवर चुना उत्तमच, पण जस्ताच्या पत्र्यावर नको. ओला चुना जस्ताला खातो, शिवाय धरतही नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. छपरासाठीचा पाण्यात मिसळायचा पांढरा रंग घेतला. पहाटे साडेपाचला तारेच्या ब्रशने गंज काढला, धुतलं, दुसऱ्या दिवशी प्रायमर, मग दोन हात. २० लिटरची बादली शेवटच्या दोन पत्र्यांना कमी पडली, चार लिटर आणखी आणला.

२८ एप्रिल

दुपारी तीन. बाहेर ४३. टिनाचा वरचा भाग ४९. माळ्यात ४६.

पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. या सगळ्या कामात एका दिवसात एवढा फरक कशानेच पडला नव्हता. आधी रंग आणि मग बाकीचं असा क्रम असता तर एप्रिल सोपा गेला असता.

४ मे

एक वेगळीच अडचण. कूलर लावून अर्धा तास झाला की बाबांच्या खोलीत दमट वाटतं, चादर चिकटते. फटी बुजवल्यामुळे हे झालंय. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत आणतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर तीच ओली हवा खोलीत साचते आणि नवी हवा आत घेणंही कमी होतं. पूर्वी ती फटींतून जायची. दुसरी खिडकी उघडावी तर ती अंगणातल्या तापलेल्या फरशीकडे उघडते, वारा फिरला की झळ आत.

मग लक्षात आलं की वाट तर डोक्यावरच आहे. झडप. कूलर पूर्वेच्या खिडकीत, झडप पश्चिमेच्या कोपऱ्यात, मधे पलंग. झडप अर्धी उघडली तर हवेला पलंगावरूनच जावं लागेल. आणि खोलीतून निघालेली हवा ३१-३२ अंशांची, माळा ४६ चा. ती जाता जाता माळा गार करेल आणि आढ्यातून बाहेर पडेल.

उघडून पाहिली. दहा मिनिटांत चादर कोरडी लागायला लागली. तासाभराने आकडे : बाहेर ४४, माळ्यात ४०, खोलीत ३१. माळा बाहेरपेक्षा गार. मी वर जाऊन थर्मामीटर हलवून पाहिला, बिघडला तर नाही ना म्हणून.

त्याचा हिशोब असा. ४४ अंश आणि हवेत ओलावा १५ टक्के असेल तर ओल्या थर्मामीटरचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जिथपर्यंत गार होऊ शकते ते, २३ च्या आसपास येतं. चांगल्या ताट्या ४४ ते २३ या अंतराच्या सत्तर टक्के उतरवतात, म्हणजे कूलरच्या तोंडाशी साधारण २९. या कोरड्या उन्हाचा एवढा एक फायदा आपल्याला आहे.

७ मे

झडपेला कप्पी आणि दोरी लावली. दोरीचं टोक बाबांच्या उशाशी, भिंतीतल्या खुंटीला. दोन गाठी : पहिल्या गाठीवर झडप अर्धी उघडते, दुसरीवर पूर्ण. कूलर सुरू केला की पहिली गाठ. वीज गेली की दोरी सोडायची, झडप आपल्या वजनाने रबरावर बसते. बाबांनी चार वेळा उघडून-मिटून पाहिली. मग मुलीला बोलावून पाचव्यांदा दाखवली.

११ मे

ॲल्युमिनियमची चकचकीत शीट कितपत उपयोगी आहे, हे सहा बाय चार फुटांच्या तुकड्यावर पाहिलं. वाशांच्या खालून टांगली, चमक खाली. फळ्यांवर अंथरली असती तर महिन्याभरात धूळ बसून चमक गेली असती. आणि टिनाला चिकटवली असती तर मधे हवेचा थर न राहिल्याने काही उपयोग झाला नसता. शीटखालची फळी ३८, शेजारची साडेचाळीस. रंगानंतरही अडीच अंश. फक्त पलंगाच्या वर लावून घेतली.

२५ मे

आजपासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. अंगणात तुळशीवर ओलं कापड टाकलंय. दुपारी तीन : बाहेर ४५.५, माळ्यात ४२, खोलीत ३२.

रात्रीचं एक निरीक्षण. टिन रात्री फार लवकर गार होतं, उघड्या आकाशाखाली पहाटे ते हवेपेक्षाही गार असतं. पण सागवानी फळ्या आणि भिंती दिवसाची उष्णता धरून बसतात. म्हणून नऊनंतर कूलर कमी करून झडप पूर्ण उघडते, सगळ्या खिडक्या उघडते. पहाटे पाचला माळ्यात ३०. सातला झडप आणि उन्हाकडच्या खिडक्या बंद.

२८ मे

बाबांना दुपारी झोप लागली. अडीच ते चार. मी दारातून दोनदा पाहून आले. दोरी पहिल्या गाठीवर होती.

२ जून

खर्च : वायरिंग ६,८००, सुतार आणि लाकूड ७,४००, मिस्त्री, दोन खेपा, ३,२००, टोपी, स्क्रू, पट्टी आणि मजुरी ८,५००, रंग आणि प्रायमर ९,१००, जाळी, रबर, शीट, बाकीचं ३,०००. एकूण ३८,०००. वायरिंग आज ना उद्या करावीच लागली असती. कोणाला थोडक्यात करायचं असेल तर भिंतीच्या कडेची फट, झडप आणि पांढरा रंग, एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं.

शेजारच्या काकू कालपासून विचारत आहेत. त्यांच्याकडेही टिनं आणि फळ्या. रविवारी रात्री त्यांच्याकडे दिवे लावून माळ्यात बसायचं ठरलंय, मुलगी खडू घेऊन येईल.

१७ जून

पाऊस आला. काल रात्रभर झड. आढ्याखाली कोरडं, विटांच्या भोकांशी थोडे शिंतोडे, वळचण दोन फूट असल्याने त्यापुढे काही नाही. पहाटे टिनाच्या खालच्या बाजूला बारीक दव जमलं होतं. आठपर्यंत हवेने वाळलं. पावसाळ्यात ही तोंडं बुजवायची नाहीत, नाहीतर ते दव वाशांत मुरेल.

कूलर आता बंद, हवेतच ओलावा असताना त्याचा उपयोग नाही. झडप कडी लावून बंद केली. बाबांनी दोरी मात्र काढू दिली नाही. गुंडाळून खुंटीला ठेवली आहे. दक्षिणेच्या भिंतीतल्या घरट्यात पुन्हा चिमणी येऊन राहिली आहे, काड्या आत पडतात. जाळीच्या आतून त्या तेवढ्या दर रविवारी झाडायच्या.